एरर उडवला, दुखणं तसंच

पुण्यातल्या बहुतेक वर्कशॉपांत आज इंजिनाचं निदान होत नाही, पार्टांची विक्री होते. हे वाक्य मी विचार करून लिहिलं आहे आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. माझ्या हाताखालून बाहेर पडलेली मुलं आज या शहरातल्या शोरूमच्या मागच्या शेडमध्ये आणि नाक्यानाक्यावरच्या गॅरेजमध्ये पाने चालवताहेत. त्यांना जे शिकवलं ते त्यांच्याकडून करून घेतलं जात नाही, उलट विसरायला लावलं जातं. याचा मला संताप आहे.

ताजं निमित्त पुतणीच्या गाडीचं. २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक. घर कर्वेनगरला, ऑफिस डेक्कनला, आणि गाडीचं आयुष्य या दोन टोकांमध्ये चाललेलं. नळ स्टॉपच्या सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरायचं, कधी बंदच पडायचं. मग डॅशबोर्डवर ती इंजिनाच्या आकाराची पिवळी लाईट लागली. पोरगी अधिकृत वर्कशॉपमध्ये गेली. तिथे स्कॅनर जोडला, ‘पी००११’ असा कोड आला आणि चहा संपायच्या आत तिच्या हातात एस्टिमेट पडलं. टायमिंग चेन किट, कॅम फेझर, ऑईल कंट्रोल व्हॉल्व्ह, कॅम सेन्सर. शिवाय इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि डीकार्बनायझिंग. रक्कम पाच आकडी.

तिनं मला फोन केला. ‘काका, टायमिंग चेन ताणलीय म्हणतात. करून टाकू का?’

मी विचारलं, बॉनेट उघडलं होतं का? नाही. डिपस्टिक काढून ऑईल पाहिलं का? नाही. आधीच्या सर्व्हिसला कुठल्या ग्रेडचं ऑईल घातलं होतं, हे कुणी विचारलं का? तेही नाही. मी म्हटलं, काहीही करू नकोस, सही करू नकोस, गाडी घेऊन इकडे ये.

व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या तक्रारीत डिपस्टिक न बघता टायमिंग चेनचं एस्टिमेट देणारा माणूस मेकॅनिक नव्हे, विक्रेता आहे. हे मी का म्हणतो, ते समजायला त्या यंत्रणेचं काम थोडं नीट बघावं लागेल. वाचकाला हे कळू नये यावरच हा सगळा धंदा उभा आहे, म्हणून ते इथे सविस्तर सांगतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो; दोघांना जोडते ती टायमिंग चेन. कॅम व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. जुन्या पद्मिनी मोटारीच्या काळात हे वेळापत्रक खुणेला खूण जुळवून एकदा बसवलं की कायमचं. पण इंजिन सिग्नलला उभं असताना व्हॉल्व्ह ज्या क्षणी उघडायला हवा, तो क्षण कात्रजच्या चढावर वेगळा असतो. म्हणून चालत्या इंजिनात हा क्षण मागेपुढे करायची सोय आली. १९८० मध्ये अल्फा रोमिओनं ती विकायच्या गाडीत आणली. होंडाचं व्हीटेक १९८९ चं. आज आपल्याकडच्या साध्या छोट्या पेट्रोल गाडीतही ही यंत्रणा असते आणि ती चालते इंजिन ऑईलच्या दाबावर.

कॅमच्या टोकाला जे चेनचं चाक असतं, ते आतून पोकळ असतं. त्यात पाती असलेला एक रोटर बसवलेला असतो. पातीच्या एका बाजूला ऑईल भरलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरलं की मागे येतो. यालाच फेझर म्हणतात. ऑईल कुठल्या बाजूला सोडायचं, हे ठरवतो ऑईल कंट्रोल व्हॉल्व्ह. विजेच्या कॉइलवर चालणारा, बोटभर लांबीचा नळकांडं-दट्ट्या. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्याला सेकंदाला कित्येकदा वीज देतो, तोडतो, आणि त्या प्रमाणात दट्ट्या सरकतो. कॅम खरोखर किती अंश हलला, हे कॅम सेन्सर ईसीयूला परत कळवतो. ईसीयूनं मागितलेला कोन आणि सेन्सरनं सांगितलेला कोन ठरलेल्या वेळात जुळले नाहीत की कोड नोंदवला जातो.

पी००११ या कोडचा अर्थ एवढाच आहे: कॅम हवा त्यापेक्षा पुढे आहे, किंवा यंत्रणा सांगितल्याप्रमाणे काम करत नाही. का करत नाही, ते त्या कोडमध्ये लिहिलेलं नाही, लिहिता येतही नाही. ऑईल कमी असेल. ऑईल चुकीच्या ग्रेडचं असेल. ऑईलच्या वाटेवरची जाळी तुंबली असेल. दट्ट्या अडकला असेल. पावसाळ्यात पार्किंगमधल्या उंदरांनी वायरचं इन्सुलेशन कुरतडलं असेल. फेझर झिजला असेल. आणि या सगळ्यांतून काहीच निघालं नाही तर चेनही असेल. पण चेन ताणल्याचा संशय घ्यायला वेगळ्या खुणा असतात. थंड इंजिन सुरू करताना समोरच्या बाजूला खडखडाट होतो, क्रँक आणि कॅम एकमेकांशी जुळत नाहीत असं सांगणारा पी००१६ हा वेगळा कोड येतो. पुतणीच्या गाडीत यांतलं काहीही नव्हतं. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बंबाचं भाडं मात्र पोरीनं भरायचं.

गाडी माझ्या दारात आली तेव्हा पहिली गोष्ट डिपस्टिक काढली. ऑईल खालच्या खुणेला टेकलेलं, आणि कापडावर पुसल्यावर डांबरासारखा काळा डाग राहिला. वॉरंटी संपल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिस करायला सुरुवात केली होती. त्यांच्या बिलावर नुसतं ‘इंजिन ऑईल’ लिहिलेलं, ग्रेड नाही. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, ‘२०डब्ल्यू-४०, बॅरलमधलं, चांगलं आहे.’ गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलं आहे. जाड ऑईल फेझरच्या बारीक वाटांतून सकाळच्या थंड इंजिनात वेळेवर पोचत नाही. ईसीयूचं सगळं गणित पातळ ऑईलवर बसवलेलं. त्याला कॅम हलायला जेवढा वेळ अपेक्षित आहे, तेवढ्यात तो हलत नाही. ‘जाड ऑईल घातलं की इंजिन टिकतं’ ही समजूत पद्मिनीच्या काळात काही प्रमाणात चालून गेली. आजचं इंजिन तीच मारते. इतक्या वर्षांनीही ती सांगणारे मेकॅनिक आणि ऐकणारे मालक दोघेही दोषी आहेत.

दुसरी गोष्ट, कोडला हात न लावता फ्रीज फ्रेम वाचली. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, पाण्याचं तापमान किती होतं, गाडीचा वेग किती होता, हे ईसीयू जपून ठेवतो. इथे इंजिन गरम, वेग शून्य, आयडलवर. म्हणजे उभ्या गाडीत कॅमनं मूळ जागी परतायला हवं होतं आणि तो परतत नव्हता. आयडलला कॅम पुढे अडकून राहिला की इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, जळका वायू उलटा आत शिरतो, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन थरथरतं. तक्रार आणि कोड यांचा मेळ बसला. ही नोंद वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

मग कंट्रोल व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला. इंजिन तसंच थरथरत राहिलं. वायरी आणि पिना तपासल्या, त्या शाबूत होत्या. कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर मोजला. सात ओहमच्या आसपास आला, म्हणजे कॉइल शाबूत. बॅटरीवरून दोन वायरी घेऊन व्हॉल्व्हला क्षणभर थेट बारा व्होल्ट दिले. क्षणभरच द्यायचे, जास्त वेळ धरले तर कॉइल जळते. धडधाकट यंत्रणेत आयडलवर असं केलं की कॅम एकदम पुढे जातो आणि इंजिन गचके खातं किंवा बंद पडतं. इथे काहीच झालं नाही. वीज दिली तरी तेच, तोडली तरी तेच. म्हणजे वीज पोचत होती आणि पोचूनही आतलं काही हलत नव्हतं.

एका बोल्टवर बसलेला तो व्हॉल्व्ह बाहेर काढला. पुतणी शेजारी उभी होती, तिच्या हातात दिला. दट्ट्यावर मधाच्या रंगाचा चिकट थर चढलेला, नखानं खरवडला तरी निघेना. ऑईल जळून-जळून बसतं त्याचा तो लेप. टेबलावर बारा व्होल्ट दिले, दट्ट्या जागचा हलला नाही. आणि ऑईलच्या वाटेवरची जाळी, चहाच्या गाळणीपेक्षा कितीतरी बारीक, ती निम्म्याहून अधिक काळ्या गाळानं बुजलेली. क्लीनरनं दट्ट्या धुतला, जाळी धुतली, पुन्हा वीज दिली. टक्. वीज तोडली. टक्. तो आवाज ऐकून पुतणी म्हणाली, ‘एवढंच?’

हो, एवढंच. नवी ओ-रिंग, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑईल, नवा फिल्टर. उरलेला गाळ सुटून यावा म्हणून हे ऑईलही नेहमीपेक्षा खूप लवकर बदलायचं, असं तिला बजावलं. स्कॅनर लावून लाईव्ह डेटा पाहिला. मागितलेला कोन आणि मिळालेला कोन आता हातात हात घालून चढत-उतरत होते. तेव्हा कुठे कोड उडवला. चेनला, फेझरला, सेन्सरला हात लागला नाही.

कुणी म्हणेल, तुम्हाला एक सोपी केस मिळाली. मान्य आहे, प्रत्येक पी००११ असा सुटत नाही. फेझरची लॉक पिन झिजलेली असते, तेव्हा फेझर बदलावाच लागतो. चेन खरोखर ताणलेली असते, तेव्हा ती बदलण्यात एका रुपयाची काटकसर करू नये. चेननं दात सोडला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेड हातात येतं. पण त्याआधी ती ताणली आहे हे दाखवा. क्रँक आणि कॅमच्या सिग्नलची लहर ऑसिलोस्कोपवर एकाखाली एक लावा, व्हॉल्व्ह कव्हर उघडून टेन्शनर किती बाहेर आला आहे ते मोजा, आणि ते गिऱ्हाइकाला दाखवा. माझं भांडण महागड्या दुरुस्तीशी नाही. माझं भांडण न तपासता केलेल्या दुरुस्तीशी आहे.

आता या धंद्यातली सर्वांत हीन गोष्ट. बिघाड न शोधता नुसता कोड उडवून गाडी परत देणं.

यात काय होतं ते समजून घ्या. अशा बऱ्याच बिघाडांत ईसीयू पहिल्यांदा दोष दिसला की लगेच लाईट लावत नाही. तो मनात नोंद ठेवतो आणि पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला तरच लाईट लावतो. एखादा क्षणिक गोंधळ बिघाड ठरू नये म्हणून ही सोय आहे. वर्कशॉपनं याचा गैरफायदा घेतला. संध्याकाळी कोड उडवला, लाईट गेली, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन गेलं. एक-दोन दिवसांत लाईट पुन्हा लागते. तेव्हा ‘साहेब, तो आधीचा प्रॉब्लेम वेगळा होता, आता हा सेन्सरचा आहे’ असं सांगून दुसरा पार्ट. आणि कोडबरोबर फ्रीज फ्रेमही पुसली गेलेली असते, म्हणजे पुढे कुणी प्रामाणिक मेकॅनिक भेटला तरी त्याच्या हाती काही लागत नाही. याला मी पुरावा नष्ट करणं म्हणतो. पोलिस तपासात कुणी असं केलं तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. इथे त्याचे ‘स्कॅनिंग चार्जेस’ लागतात.

माझा एक जुना विद्यार्थी, हुशार मुलगा, मल्टिमीटर हातात धरायला त्याला कधी दोनदा सांगावं लागलं नाही, तो एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आहे. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, पार्ट बदलला तर त्याचे लेबर लागतात. शोधत बसलो तर जॉबकार्डावर लिहायला रकानाच नाही. दिवसाला एवढ्या गाड्या बाहेर काढायच्या असतात. मी तासभर एका वायरीमागे लागलो तर सुपरवायझर विचारतो, काय चाललंय.’

त्याच्या त्या उत्तरात या रोगाचं मूळ आहे. शोधण्याला मोल नाही, बदलण्याला आहे. अ‍ॅडव्हायझरला टार्गेट आहे ते डीकार्बनायझिंग किती विकलं याचं. बिघाड पहिल्या खेपेला किती गाड्यांत सापडला, हे त्याला कुणी विचारत नाही. ज्या मुलांनी दोन वर्षं घालवून व्हॉल्व्ह टायमिंगचे डायग्रॅम काढले, त्यांना आपण खोक्यातून पार्ट काढून बसवणारे हमाल केलं. आणि मग हेच व्यवस्थापक सभा-समारंभांत ‘कुशल मनुष्यबळ मिळत नाही’ म्हणून गळा काढतात. कुशल माणूस तुमच्याच शेडमध्ये उभा आहे. त्याला एक तास द्या आणि त्या तासाचे पैसे लावा.

हे पुण्यात घडतं, म्हणून जास्त लागतं. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली एआरएआय, १९६६ पासून या शहरात आहे. वेताळ टेकडीवर देशभरच्या इंजिनांच्या चाचण्या होतात. खडकीला किर्लोस्करांचं इंजिन, कोथरूडला कमिन्स, पिंपरीला टाटा मोटर्स म्हणजे जुनी टेल्को, आकुर्डीला बजाज, चाकणला अर्ध्या जगाचे कारखाने. इंजिनाविषयी या देशात जे काही ज्ञान आहे, त्याचा फार मोठा वाटा या शहराच्या चाळीस किलोमीटरच्या आत आहे. बीएस-४ चे प्रदूषणाचे नियम १ एप्रिल २०१० ला ज्या १३ शहरांत आधी लागू झाले, त्यांत पुणं होतं, आपलं सोलापूरही होतं. उरलेल्या देशात ते पोचायला २०१७ उजाडलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. या नियमांप्रमाणे गाडीनं स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवावा, यासाठी लागणाऱ्या सेन्सरांचे आणि ईसीयूचे पैसे आपण प्रत्येक गाडीच्या किमतीत मोजले आहेत. ती नोंद वाचून अर्थ लावायला मात्र या शहरात माणूस शोधावा लागतो. पीयूसी केंद्रावरही सायलेन्सरच्या नळीत प्रोब घालतात आणि कागद देतात. डॅशबोर्डवर पिवळी लाईट जळत असली तरी तिकडे कुणी बघत नाही.

कायद्याच्या बाजूनं काही झालंच नाही, असंही नाही. शमशेर कटारिया या गृहस्थांनी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला निकाल दिला. १४ कंपन्या दोषी ठरल्या, एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड झाला. सुटे भाग खुल्या बाजारात आणा, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना द्या, बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे स्पष्ट आदेश होते. कंपन्या अपिलात गेल्या. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक खात्यानं ‘राईट टू रिपेअर’ पोर्टल काढलं, त्यातही मोटारींचा समावेश आहे.

आणि जमिनीवर? मी ज्या गॅरेजांत उठबस करतो, त्यांतल्या एकाकडेही कंपनीचं मूळ रिपेअर मॅन्युअल नाही. फेझर किती अंश हलायला हवा, कॉइलचा रेझिस्टन्स किती हवा, हे आकडे मोबाईलवर फिरणाऱ्या अस्पष्ट फोटोंतून शोधावे लागतात. मग तो मेकॅनिक काय करणार? नाना पेठेत जाऊन स्वस्तातला व्हॉल्व्ह आणून ‘टाकून बघू’ म्हणणार. बसला तर बसला. निकाल लागून दहा वर्षं उलटली तरी साधी मोजमापं मिळत नसतील, तर तो निकाल कपाटात पडून आहे. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, त्या पुण्यातल्या ग्राहक चळवळीनं हा विषय अंगावर घ्यायला हवा होता. अजूनही घ्यावा.

पण गाडीमालकांनो, तुमचीही सुटका नाही. ‘दहा हजार किलोमीटर झाले नाहीत अजून, सर्व्हिस कशाला?’ हे वाक्य मी सुशिक्षित, चांगल्या पगाराच्या माणसांकडून रोज ऐकतो. टॉमटॉमच्या २०२४ च्या पाहणीत पुणं वाहतुकीच्या संथपणात जगात चौथं आलं. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त. म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर. या वेगानं दहा हजार किलोमीटर व्हायला इंजिन साडेपाचशे तासांहून जास्त चालतं. तेच अंतर एक्स्प्रेस वेवर ताशी ८० नं कापलं तर सव्वाशे तास. मीटरवर आकडा तोच, इंजिनाच्या नशिबी चौपटीहून जास्त तास. त्यात घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर. ऑईल पुरतं तापतच नाही. जळताना तयार होणारं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल त्यात उतरतं, उडून जायला वेळ मिळत नाही आणि गाळ साचतो. तोच गाळ त्या बारीक जाळीत जाऊन बसतो. गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक दिलेलं असतं. कमी अंतराच्या फेऱ्या, वारंवार थांबणं, धूळ, असं त्यात लिहिलेलं असतं. हे वर्णन सिंहगड रोडवरच्या प्रत्येक गाडीचं आहे. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढता तुम्ही गाडी विकता. गाडीच्या सीट कव्हरवर, अलॉय व्हीलवर, म्युझिक सिस्टिमवर हजारो रुपये उडवता आणि ऑईलच्या डब्यात दोनशे रुपये वाचवायला बॅरलमधलं सुटं ऑईल घालू देता. मग पाच आकडी एस्टिमेट आलं की कपाळाला हात लावता.

आणि तपासणीचे पैसे द्यायला तुम्ही खळखळ करता. ‘काही बदललं नाही, मग पैसे कसले?’ हे तुमचंच वाक्य आहे. ज्या मेकॅनिकनं तासभर खर्चून तुमचे वीस-पंचवीस हजार वाचवले, त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवता. त्याच माणसानं न शोधता चेन किट बसवलं असतं तर तुम्ही निमूट पैसे मोजले असते. तुम्ही ज्या कामाचे पैसे देता, तेच काम तुम्हाला मिळतं. निदान हवं असेल तर निदानाचे पैसे द्यायला शिका.

वर्कशॉपच्या मालकांना माझं सांगणं आहे. जॉबकार्डावर निदानाचा वेगळा रकाना छापा. त्यात काय तपासलं, किती आकडा आला, त्यावरून काय ठरवलं, हे मेकॅनिकच्या सहीनं लिहा आणि त्या तासाचा दर उघडपणे लावा. गिऱ्हाईक भांडेल, पण दुसऱ्यांदा तुमच्याकडेच येईल. आणि आयटीआयच्या मुलांनो, सुपरवायझर ओरडला तरी डिपस्टिक काढल्याशिवाय चेनचं नाव घेऊ नका.

वाचकांना एवढंच. लाईट लागली की घाबरू नका; पण ती सतत लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, तिथेच थांबा. स्थिर पेटली असेल तर आधी ऑईल बघा. वर्कशॉपमध्ये गेलात तर स्कॅनरच्या पडद्यावरचा कोड आणि फ्रीज फ्रेम, दोन्हींचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये घ्या, आणि तो घेईपर्यंत कोड उडवू देऊ नका. ‘हा पार्ट खराब आहे हे कशावरून?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. बिलावर ऑईलचा ग्रेड लिहून घ्या. बदललेला प्रत्येक जुना पार्ट घरी आणा, तो तुमच्या मालकीचा आहे. आणि दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. तो फिरवा.